साखळी तोडली, तेव्हा वेग आला

[दृश्य: सतत हलणाऱ्या शेकरवर काचेचे चंबू, आत गढूळ द्रव]

हा गढूळपणा म्हणजे ई. कोलाय जिवाणू. ३७ अंश सेल्सिअसला, खायला भरपूर असलं, की सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतात. दोन व्हायचं तर नवं पेशीपटल हवं आणि पटलासाठी मेदाम्लं, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या असलेली आम्लं (फॅटी ॲसिड). त्यामुळे मेदाम्लं बनवण्यात हा जीव मुळातच तरबेज. पण तो बनवतो ती पटलापुरती. आपल्याला मात्र इंधनासाठी, साबणासाठी कितीतरी जास्त हवी आहेत.

[दृश्य: साखळीचं ॲनिमेशन]

साखर फुटून दोन कार्बनचा तुकडा उरतो, ॲसिटाइल-कोए. त्यातल्या काहींना आणखी एक कार्बन चिकटवून मॅलोनिल-कोए तयार होतं. जोडणीच्या क्षणी तो जादा कार्बन वायू होऊन निघून जातो आणि साखळी दोन कार्बननी लांबते. १६ कार्बनच्या पामिटिक आम्लाला अशा ७ फेऱ्या लागतात. एसीपी नावाचं प्रथिन ही साखळी धरून ठेवतं.

आता नीट पाहा. पटलाची गरज भागली, की एसीपीवर अडकून राहिलेल्या लांब साखळ्याच मॅलोनिल-कोए बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) थोपवतात. पुढचा माल उचलला जात नाही, म्हणून मागचं काम थांबतं. मला यातली ही शिस्त फार सुंदर वाटते.

साखळी एसीपीपासून तोडणारं टेसए हे विकर ई. कोलायकडे आहेच, पण ते राहतं आतल्या आणि बाहेरच्या पटलांमधल्या फटीत, कामापासून दूर. इलिनॉय विद्यापीठात जॉन क्रोनन यांच्या प्रयोगशाळेत त्याला तिकडे पाठवणारा तुकडा जनुकातून काढून टाकला. टेसए पेशीरसातच राहिलं, साखळ्या सुटू लागल्या, बंधन गळून पडलं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात मोकळी मेदाम्लं थेट बाहेरच्या द्रवात सापडली.

अर्थात, भुकेला जिवाणू तीच मेदाम्लं परत खातो. म्हणून त्यासाठी लागणारं फॅडडी हे जनुक काढून टाकतात.

साखळीची लांबीही ठरवता येते. कॅलिफोर्निया बे या झाडाचं विकर घातलं, की साखळी १२ कार्बनांवर तुटते.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पेशी]

अडचण उरते ती पटलाची. साठत गेलेली मेदाम्लं त्यालाच झिरपतं करतात आणि पेशी मरू लागतात. म्हणून काही संशोधक आता पेशीतले पंप वाढवून ती लवकर बाहेर काढता येतात का, हे पाहत आहेत.