साखर, पाणी आणि दाताची कळी

(दृश्य: मालवणचा किनारा. होड्या लागल्या आहेत, लिलाव सुरू.)

सुरमईची बोली चढत चालली आहे. आपण मात्र टोपलीतल्या या मोरीपाशी थांबू. मोरी म्हणजे लहान शार्क. जबडा फाकवून बघा: पुढच्या दातांमागे आणखी ओळी पाळीची वाट बघत आडव्या पडल्यात. दात घडवणारी पेशींची पट्टी मोरीत जन्मभर जागी असते. माणसात ती दुधाचे आणि कायमचे एवढेच दात देते नि विरून जाते.

(दृश्य: गर्भाच्या जबड्याचा छेद, सूक्ष्मदर्शकाखाली.)

सहाव्या आठवड्यात, गर्भ जेमतेम सेंटिमीटरभर असताना, जबड्यात ही कमानदार पट्टी उमटते. तिच्या पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोज या साखरेचा साठा, भरलेला असतो. साठा हवाच, कारण या पट्टीतून फुटणाऱ्या दाताच्या कळीचा जो भाग पुढे इनॅमल, म्हणजे दाताचं कठीण बाहेरचं आवरण, घडवणार, त्याच्या आत एकही रक्तवाहिनी नसते. बाकीचं ग्लुकोज बाहेरून झिरपत येतं, आईच्या रक्तातून. सकाळची उकड्या तांदळाची पेज असो की घावणे, वारेपर्यंत पोचतं ते ग्लुकोजच. (डोहाळजेवणात जास्तीचा लाडू वाढायला हे निमित्त नको!) उंदरांच्या दाढांच्या कळ्या प्रयोगशाळेत वाढवताना ग्लुकोज पेशीत शिरायची वाट अगदी सुरुवातीला अडवली, तर दाढा खुज्या राहिल्या.

पण साखरेचं काम जळणापुरतं नाही. नवव्या-दहाव्या आठवड्यापासून कळीच्या मधल्या पेशी आपल्याभोवती साखरेच्या लांबच लांब साखळ्या सोडू लागतात. त्यांतलं हायल्युरोनिक आम्ल क्रीमच्या जाहिरातींमुळे ओळखीचं झालंय. या साखळ्या पाणी खेचतात. फालुद्यातला सब्जा भिजून बुळबुळीत फुगतो, तोही पाणी धरणाऱ्या साखरेच्या साखळ्यांमुळेच. पाण्याच्या रेट्यानं पेशी दूर सरकतात, तरी टोकांना एकमेकींना धरून राहतात, म्हणून त्या ताराकृती दिसतात. या फुगीर गादीखाली दाताच्या माथ्याला आकार घ्यायला जागा मिळते.

मग आधी डेंटिनचा, म्हणजे इनॅमलच्या आतल्या कठीण भागाचा, थर पडतो, त्यावर इनॅमलचा. पुढच्या दुधाच्या दातांत हे साधारण चौदाव्या आठवड्याला सुरू होतं. आता इनॅमलच्या पेशींना भरपूर पोषण हवं, आणि रक्तवाहिन्या तर गादीच्या पलीकडे! तेव्हा गादीच बसते. पाणी ओसरतं, थर चेपतो, अंतर मिटतं. बाळ जन्मतं तेव्हा दुधाच्या वीसही दातांत खनिज भरायला लागलेलं असतं, आणि मागे पहिली कायमची दाढ नुकती सुरुवात करत असते.