आधी जुन्या यूआरएलची यादी

साइटवरच्या यूआरएलची, म्हणजे पानांच्या पत्त्यांची, रचना बदलायची ठरली की सगळे नवे यूआरएल किती सुटसुटीत दिसतील यावरच बोलत बसतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी जुन्यांची यादी काढा. साइटमॅपमधून, म्हणजे साइटच्या पानांच्या यादीतून, तर काढाच, पण सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोणतं पान कधी उघडलं गेलं याच्या नोंदी, त्याही चाळा. तुम्ही विसरलात ते पान कुणीतरी अजून उघडत असतं.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच सांगून ठेवलंय की विषय, लेखकाचं नाव, फाइलचं एक्स्टेन्शन यूआरएलमध्ये घालू नका. लेख तयार झाल्याची तारीख चालेल, कारण ती बदलत नाही. आपण हे वाचतो ते घोळ झाल्यावर.

माझ्या साइटवर यूआरएलमध्ये विषय होता. तो काढायचा, मधला एक शब्द गाळायचा, म्हणजे एका ओळीच्या रेजेक्सचं (मजकुरातला नमुना शोधून बदलणाऱ्या सूत्राचं) काम, असं मला वाटलं. पण 'प्रवास/पहिला-दिवस' आणि 'शाळा/पहिला-दिवस' हे दोन वेगळे लेख होते. विषय गळला आणि दोघं एकाच यूआरएलवर येऊन भांडायला लागले. तेव्हापासून मी आधी जुना-नवा असा दोन रकान्यांचा तक्ता करतो, नव्याच्या रकान्यात एकच नाव दोनदा आलंय का बघतो, आणि मगच सर्व्हरवर जुन्याकडून नव्याकडे वळवणारे नियम लिहितो.

नियम ३०१ चा, म्हणजे कायमच्या रीडायरेक्टचा. मात्र चाचणी ३०२ वर, म्हणजे तात्पुरत्या रीडायरेक्टवर, करा. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. मी एकदा चुकीचा ३०१ लावला आणि दहा मिनिटांत सुधारलाही. तरी माझाच ब्राउझर मला पुन्हा पुन्हा चुकीच्या पानावर नेत होता. मी कॅशे, म्हणजे ब्राउझरने जपलेला हा साठा, साफ केला. तेवढ्यात येऊन गेलेल्या वाचकांच्या ब्राउझरचं काय करणार?

देवनागरी यूआरएलवाल्यांनी आणखी एक बघावं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, 'म' तीन बाइटचा, आणि टक्क्यांच्या खुणांसकट लिहिला की नऊ चिन्हांचा होतो. ब्राउझरमधून कॉपी केलेली ती लांबलचक माळ तशीच अपाचे या वेब सर्व्हरच्या रीराइट (यूआरएल बदलणाऱ्या) नियमात चिकटवली तर नियम लागत नाही, कारण अपाचे यूआरएल उलगडून, मूळ अक्षरांत आणून, मग जुळवतं. मी यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

यापूर्वी एकदा रचना बदलली असेल तर पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी साखळी ठेवू नका. जुने नियम उघडून थेट शेवटच्या यूआरएलकडे वळवा. स्वतःच्या लेखांतल्या लिंकही बदला. फीडमधल्या (नवे लेख वाचकांपर्यंत आपोआप पोचवणाऱ्या यादीतल्या) नोंदींची ओळख, म्हणजे जीयूआयडी, मात्र जुनीच राहू द्या, नाहीतर फीड वाचणाऱ्यांना सगळे जुने लेख नव्याने आल्यासारखे दिसतात.

जे पान खरंच काढून टाकलंय त्याला ४१०, म्हणजे 'पान कायमचं काढलंय' असं सांगणारा कोड, द्या. मुखपृष्ठावर ढकलू नका. गूगल त्याला सॉफ्ट ४०४, म्हणजे 'सापडलं नाही' असं न सांगणारं हरवलेलं पान, समजतं, आणि वाचकाला तर आपण कुठे आलो तेच कळत नाही.

हे नियम किती दिवस ठेवायचे, असं नेहमी विचारतात. गूगल किमान एक वर्ष म्हणतं. मी काढतच नाही. चार ओळींच्या फाइलचा सर्व्हरला काय भार?