समुद्राचं पाणी बदलतंय, आधी कळेल कालवांना

वरळी, हाजीअलीच्या खडकांवर ओहोटीला कालवं काढणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. या कामाला होडी लागत नाही, डिझेल लागत नाही. मिळेल ते विकायचं, उरेल ते घरी रांधायचं. समुद्राच्या आम्लीकरणाचा पहिला धोका आहे तो याच खाण्याला.

आपण जाळलेल्या कोळशा-पेट्रोलमधून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो. पाण्यात विरघळला की त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. औद्योगिक क्रांतीआधी समुद्राच्या वरच्या पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) सरासरी ८.२ होता, आता ८.१ च्या आसपास आहे. एवढंसंच वाटतं ना? पण पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दहापट होते. त्या हिशेबाने ती आत्ताच सुमारे ३० टक्क्यांनी वाढलीये. पाणी अजून अल्कधर्मीच आहे हो, पोहायला घाबरू नका!

अडचण आहे कवचाची. कालवं, तिसऱ्या, पोवळी पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन कवच बांधतात आणि आम्लता वाढली की कार्बोनेटच कमी पडतं. मोठं कालव तग धरतं. पिल्लाला मात्र पहिल्या दोनेक दिवसांतच कवच उभं करावं लागतं, तेही अंड्यातून आणलेल्या शिदोरीवर. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर २००७ च्या सुमारास एका कालव-बीज केंद्रात पिल्लं भराभर मरू लागली. आधी जंतूंवर संशय गेला. मुख्य कारण निघालं खोल समुद्रातून वर आलेलं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी. मग तिथे पाणी सतत मोजलं जाऊ लागलं, पीएच उतरला की टाकीत सोडा मिसळू लागले.

आपल्या खडकांवर टाकी नाही. पण एक गोष्ट मुंबईच्या हातात आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: सांडपाणी. मिठी नदीतून माहीमच्या खाडीत जाणारी घाण कुजते, तेव्हा जंतू ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणजे हवेतून येतो तो वेगळा, आणि हा आपण घरून पाठवलेला वेगळा.

तेव्हा नगरसेवक भेटले की विचारा, आपल्या वॉर्डातलं सांडपाणी शुद्ध होऊन जातं की तसंच? आणि किनाऱ्यावरच्या पाण्याचा पीएच नियमित मोजून ते आकडे कोळीवाड्यांत मराठीत लावा, ही मागणीही करा. मीसुद्धा माझ्या वॉर्डात करतोय. तुमच्याकडे काय उत्तर मिळालं, ते खाली लिहा.