कापलेल्या कोपऱ्याचे छायाचित्र

श्रोतेहो, नमस्कार. अवकाश दुर्बिणींनी तेजोमेघांची, म्हणजे अवकाशातल्या वायू आणि धुळीच्या ढगांची, जी छायाचित्रे टिपली, त्यांपैकी एकाच छायाचित्राविषयी, खरे तर त्याच्या एका कोपऱ्याविषयी, मी आज बोलणार आहे.

हबल दुर्बीण १९९० साली अवकाशात गेली आणि तिला धूसर दिसते असे लक्षात आले, कारण तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा कडेला केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका जास्त घासला गेला होता. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तिथे जाऊन तो दोष भरून काढणारा नवा कॅमेरा बसवला. १ एप्रिल १९९५ रोजी त्याच कॅमेऱ्याने गरुड तेजोमेघ टिपला. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या खगोलशास्त्रज्ञांनी ३२ प्रतिमा जुळवल्या, तेव्हा वायू आणि धुळीचे तीन खांब समोर उभे राहिले. मात्र वरचा एक कोपरा जिन्याच्या पायऱ्यांसारखा कापलेला आणि काळाकुट्ट होता. कॅमेऱ्याचे चार भाग होते. त्यांतला चौथा अधिक बारकाईने, पण लहानच तुकडा पाहत असे. त्याची प्रतिमा इतर तिघांच्या मापात बसवताना आक्रसली आणि उरलेली जागा काळी राहिली. पुष्कळजण हा कोपरा छाटून चित्र छापतात, ते मला मुळीच पटत नाही. पाहणाऱ्या यंत्राची ती सही आहे.

आता त्या खांबांकडे पाहा. डावीकडचा खांब सुमारे चार प्रकाशवर्षे उंच आहे, आणि त्याच्या टोकाला बोटांसारखे जे बारीक उंचवटे दिसतात, त्यांतला एकेक आपल्या सूर्यमालेहून मोठा आहे. पुन्हा सांगतो, बोटाएवढा दिसणारा उंचवटा सबंध सूर्यमालेहून मोठा आहे.

हे रंग खोटे असतात, असे म्हणणाऱ्यांशी मी नेहमी वाद घालतो. हायड्रोजन आणि गंधक हे दोन्ही तांबड्याच प्रकाशात चमकतात. ते वेगळे ओळखू यावेत म्हणून गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे.

२०२२ मध्ये वेब या दुसऱ्या अवकाश दुर्बिणीने हेच खांब अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशात पाहिले. हा प्रकाश धुळीतून बऱ्याच अंशी आरपार येतो, म्हणून हबलला जिथे भिंत दिसली होती, तिथे वेबला तारे दिसले. खांबांच्या कडेला लाव्हारसासारख्या तांबड्या लाटा उसळलेल्या आहेत. आत घडत असलेल्या, अवघ्या काही लाख वर्षे वयाच्या ताऱ्यांनी बाहेर फेकलेल्या झोतांच्या त्या खुणा आहेत, आणि त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला साडेसहा हजार वर्षे लागली आहेत.