तिसरं कोण?

(दृश्य: सोलापूर शहराच्या पूर्व भागातली एक खोली. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट.)

मांडीवर सूप. सुपात तेंदूची पानं, तंबाखू. आई विडी वळतेय, बाजूला चार वर्षांचं पोरगं मोबाईलवर कार्टून बघतंय. मजुरी हजार विड्यांवर मिळते. बाप मागावर, पाळी सुटायला अजून अवकाश आहे. पोराला सांभाळायला घरात तिसरं कोण?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास स्क्रीन. कमी असेल तर उत्तमच. सल्ला चुकीचा नाही. पण पोरानं तंबाखूत हात घालण्यापेक्षा कार्टून बरं, असं ही आई म्हणाली, तर तिला काय उत्तर द्यायचं?

(दृश्य: शाळेचा वर्ग.)

शाळेचीही अडचण झालीय. परितेवाडी याच जिल्ह्यातली. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळवलं. त्याच वर्षी टाळेबंदी आली, अख्खा वर्गच मोबाईलमध्ये गेला. शाळा पुन्हा भरल्या, पण गृहपाठ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतच राहिला. दिवसा बाई म्हणतात, मोबाईलला हात लावू नका. संध्याकाळी त्याच बाईंचा मेसेज येतो, वहीचा फोटो पाठवा! पोरांना यातली गंमत बरोबर कळते. गृहपाठ फळ्यावरून वहीत उतरवून घेतला, तर निम्मं भांडण तिथंच मिटेल.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाईल, टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. भोंगा सोलापूरला नवा नाही, गिरण्या होत्या तोवर शहर त्यावरच चालायचं. पण इथं सातला भोंगा झाला, तरी आईच्या सुपातली पानं संपलेली नसतात. मोबाईल काढून घेतला, की पोरगं पुन्हा तिच्या मांडीशीच येणार.

१९६६ च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. ती कारखान्याच्या जागेसाठी. राहत्या घराला तो कायदा कारखाना मानत नव्हता आणि विड्या तर घरोघरी वळल्या जातात. म्हणून वस्तीतच, हाकेच्या अंतरावर, पाळणाघर हवं. आणि थोरल्या पोरांसाठी संध्याकाळी शाळेच्या मैदानाचं फाटक उघडं हवं. हा खर्च महापालिकेनं करायचा, की विडी कारखानदारांनी?