पहिली कार रेस करताय? एक्झॉस्ट राहू द्या, आधी ब्रेक ऑइल बदला

नमस्कार मंडळी!

"दादा, पहिली रेस करायचीय. गाडीत काय काय बदलू?" हा मेसेज मला सतत येतो, आणि खाली एक यादी जोडलेली असते. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), एक्झॉस्ट, एअर फिल्टर, मागे भलामोठा स्पॉयलर. या यादीत ब्रेक कधीच नसतात! आज आपण त्याच्यावरच बोलणार आहोत, कारण पहिल्या रेसमध्ये तुमचं काम एकच आहे: सगळे लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, पूर्ण करून गाडी धड परत आणायची. त्यासाठी जास्तीचे दहा हॉर्सपॉवर लागत नाहीत.

आधी रेस कुठे, ते उरकून टाकू. आपल्याकडे सर्किट रेसिंग म्हटलं की गाडी दक्षिणेकडे वळते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे. उत्तरेत ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. 5.1 किलोमीटरचा, प्रचंड वेगाचा ट्रॅक. नवख्याने पहिल्यांदा तिथे जाऊ नये असं माझं मत. आणि रात्री एक्स्प्रेसवेवर मित्रांबरोबर लावलेली शर्यत ही रेस नाही, गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 189: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात पुढे चाललेल्या टेम्पोवाल्याने तुमच्या रेसमध्ये नाव दिलेलं नसतं.

चला, ब्रेक.

(बाटली कॅमेऱ्याजवळ आणतो)

हे ब्रेक ऑइल. गॅरेजमध्ये याच नावाने मागा. बाटलीवर डॉट 4 लिहिलंय, हा ऑइलचा दर्जा, दिसतंय का? ताजं डॉट 4 किमान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही. डॉट 3 असेल तर 205. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. पाणी मुरलं की डॉट 4 ची हमी 155 वर येते आणि डॉट 3 ची 140 वर. तुमच्या गाडीत तीन वर्षांपूर्वी भरलेलं ऑइल असेल, तर ते कोणत्या आकड्याच्या जवळ असेल ते तुम्हीच ओळखा.

रोजच्या रस्त्यावर हे जाणवत नाही. घाट उतरताना फार तर जळका वास येतो. ट्रॅकवर मात्र प्रत्येक सरळ पट्टीच्या शेवटी जोरात ब्रेक, लॅपमागून लॅप. आणि गणित बघा: ताशी 80 ऐवजी 120 वरून थांबायचं, म्हणजे वेग दीडपट, पण ब्रेकला गिळावी लागणारी उष्णता सव्वादोन पट. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, पेडल लुसलुशीत लागतं, गाडी काही थांबत नाही. तिसऱ्या-चौथ्या लॅपला सरळ मातीत गेलेल्या गाड्यांपैकी कितीतरी अशाच गेलेल्या असतात, आणि ड्रायव्हर सांगतो की टायर घसरला.

म्हणून रेसच्या आठवड्यात नवं, सीलबंद बाटलीतलं ऑइल भरून घ्या. मेकॅनिक कपाटातली अर्धी बाटली काढायला लागला तर गोडीत नको म्हणा. चारही चाकांचं ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतलं जुनं ऑइल आणि हवा काढणं, करून घ्या आणि ब्रेक पॅड किती उरलेत ते चाक काढून डोळ्यांनी बघा. रेसिंगसाठी मिळणारी काही ऑइल 300 डिग्रीच्या वर टिकतात. परवडत असेल तर तीच घ्या. एक्झॉस्टच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

टायर नवे नसले तरी चालतील, पण बाजूला फुगवटा आलेले किंवा चिरलेले नकोत. हवा थंड असताना मोजा, मग सेशन संपून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्यांच्या जागेत, आल्या आल्या पुन्हा मोजा. पुढच्या टायरची हवा चार-सहा पीएसआयने वाढलेली दिसेल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणं, ब्रेक, पिकअप सगळा भार त्यांच्यावरच असतो. वाढलेली हवा थोडी काढा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. मोबाईलवर नको, हात काळे असतात.

आता स्क्रूटिनी. गाडी ट्रॅकवर जायच्या आधी तपासनीस ती तपासतात, आणि नवखे इथेच अडकतात. बॅटरी हलते आहे, ऑइल ठिबकतंय, टो हूक (गाडी ओढायची कडी) नाही, सीटखाली पाण्याची बाटली लोळते आहे. ती बाटली ब्रेक पेडलखाली आली तर काय होईल ते मी सांगायला नको. रोल केज (गाडीच्या आतला नळ्यांचा सांगाडा), किल स्विच (गाडीची वीज एकदम तोडणारं बटण), अग्निशामक यांचे नियम रेसच्या क्लासनुसार, म्हणजे गटानुसार, बदलतात, त्यामुळे नियमावली आधी वाचा आणि मगच पाकिटाला हात घाला.

हेल्मेट बघा.

(हेल्मेट उलटं करून आतलं अस्तर बाजूला करतो)

आत हे लेबल आहे. यावर स्नेल एसए लिहिलंय, हा कार रेसिंगच्या हेल्मेटचा दर्जा. स्नेल एम असेल तर ते मोटरसायकलचं हेल्मेट. दोन्ही मजबूत, पण एसएच्या अस्तराला आगीची चाचणी असते, आणि डोकं रोल केजच्या नळीवर आपटलं तर काय, याचीही. बाईकचं हेल्मेट घेऊन शुक्रवारी ट्रॅकवर पोहोचलात, तर शनिवारी एसए हेल्मेट उसनं मागत पिटभर फिरायची वेळ येईल.

कागदपत्रांचं थोडक्यात: एफएमएससीआय ही आपल्याकडची मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना, तिचं स्पर्धेचं लायसन्स काढा. तुमचा नेहमीचा गाडीचा इन्शुरन्स रेसिंगला लागू होत नाही, पॉलिसीत तसं स्पष्ट छापलेलं असतं. भाड्याच्या रेस कारमध्ये बसणार असाल, तर ठोकल्यावर पैसे कोण भरणार हे आधी लेखी घ्या. तोंडी "बघू नंतर" म्हणजे तुम्हीच.

झेंडे. यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळे म्हणतात "माहीत आहेत", आणि ट्रॅकवर कोणी बघत नाही.

पिवळा हलताना दिसला की पुढे धोका आहे: वेग कमी, ओव्हरटेक बंद. दोन पिवळे एकदम म्हणजे थांबायची तयारी ठेवा, ट्रॅकवर माणसं असू शकतात. ती माणसं म्हणजे मार्शल, हे झेंडे दाखवणारी, बहुतेक हौसेने उन्हात उभी राहिलेली. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा झेंडा म्हणजे पुढे ऑइल किंवा पाणी. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटकडे. काळ्यावर नारिंगी गोल आणि सोबत तुमचा नंबर, म्हणजे तुमच्या गाडीतच काहीतरी बिघडलंय, आत या.

आणि निळा. पहिल्या रेसमध्ये हाच सगळ्यात जास्त दिसणार, कारण तुमच्यापेक्षा एक फेरी पुढे गेलेले वेगवान ड्रायव्हर मागून येणार. इथे नवखे सौजन्य दाखवायला जातात आणि घोळ करतात. मागचा येतोय म्हणून एकदम बाजूला झाले, नेमका तोही त्याच बाजूने निघालेला. तुम्ही तुमची लाइन, म्हणजे ट्रॅकवरचा नेहमीचा मार्ग, सोडू नका. वेडंवाकडं काही करू नका. जागा तो शोधेल, त्याचं ते कामच आहे.

पहिला लॅप. पाच लाल दिवे लागतात, विझतात, गाड्या सुटतात. टायर गार, पॅड गार, आणि पंधरा-वीस जणांना एकाच वळणात शिरायचंय. पुढचा ब्रेक मारतो, त्याच्या मागचा जरा जास्त मारतो, आणि रांगेच्या शेवटी गाड्या जवळजवळ थांबतात. तुम्ही शेवटी असणार! प्रॅक्टिसमध्ये जिथे ब्रेक मारत होतात, त्याच्या बराच आधी मारा. नजर पुढच्या बंपरवर नको, दोन गाड्या पलीकडे ठेवा. ताशी 120 ला गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. बंपर बघून ठरवायला वेळच उरत नाही.

वळणाचं बाकी शास्त्र पुढे कधीतरी. आज एवढंच लक्षात ठेवा: जोराचा ब्रेक सरळ रेषेत संपवा, मग स्टिअरिंग फिरवा. हील अँड टो (एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर), ट्रेल ब्रेकिंग (वळणात शिरतानाही ब्रेक धरून ठेवणं), हे सगळं पहिल्या रेसला घरी ठेवा.

गाडी फिरली आणि बंद पडली, तर? आग नसेल तर बेल्ट न सोडता आतच बसा आणि मार्शलच्या हाताकडे बघा. तो बोलवेल तेव्हा उतरा आणि थेट बॅरियरच्या मागे जा. बंपरला काय झालं ते बघत ट्रॅकवर उभं राहायचं नाही. सेल्फी तर नाहीच नाही.

चेकर्ड झेंडा पडला, म्हणजे रेस संपली, की लगेच थांबू नका. एक अख्खा लॅप सावकाश मारा, ब्रेकला वारा लागू द्या. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटून बसतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडाचा ठोकळा लावा. गाड्या तपासणीसाठी ताब्यात घेतल्या असतील, तर सोडेपर्यंत बॉनेट उघडायचं नाही. पाणी प्या, ओव्हरऑल सोडा, मग वहीत टायरची हवा लिहा.

तुमच्या हेल्मेटच्या आतल्या लेबलवर काय लिहिलंय ते कमेंटमध्ये सांगा. पुढच्या व्हिडिओत वळणांची लाइन बघू, कागदावर काढून.