पहिल्या वर्षाची पोरं

(दृश्य: ओहायो नदीवरचं धुकं. काठाला अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं हंटिंग्टन शहर, मार्शल विद्यापीठाचं गाव.)

मार्शल विद्यापीठ, फुटबॉल, हंगाम १९७१. सामने १०, विजय २, पराभव ८.

जुन्या निकालांच्या यादीत ही ओळ कुणी दुसऱ्यांदा वाचणार नाही. पण या संघाला मैदानात उतरवायला अमेरिकी कॉलेज खेळातला एक नियम बाजूला ठेवावा लागला होता. आपली गोष्ट त्या नियमापासून सुरू होते.

हा फुटबॉल आपला नव्हे, बरं का. इथे लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. चेंडू पार शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, सहा गुण. धिप्पाड गड्यांची धडकाधडकी. आणि तेव्हा नियम होता, की कॉलेजात नुकत्या आलेल्या पोरांनी पहिलं वर्ष मुख्य संघातून खेळायचं नाही. आधी अभ्यासात बस्तान बसू दे.

म्हणून १४ नोव्हेंबर १९७०च्या शनिवारी मार्शलचा खेळाडू रेजी ऑलिव्हर मुख्य संघाच्या विमानात नव्हता. तो पहिल्या वर्षाला होता.

(दृश्य: रात्र. टेकडीवर पाऊस.)

मुख्य संघ नॉर्थ कॅरोलायनात ईस्ट कॅरोलायनाकडून १७-१४ असा हरून परतत होता. पाऊस, धुकं, खाली आलेले ढग. धावपट्टी जेमतेम मैलभरावर असताना विमान टेकडीच्या झाडांना घासलं. ७५ जण होते, एकही वाचला नाही. खेळाडू, प्रशिक्षक रिक टॉली, वैमानिक, आणि संघाबरोबर हौसेनं गेलेली गावातली प्रतिष्ठित मंडळी. शहरातल्या ७० मुलांनी आई किंवा वडील गमावले, १८ जणांनी दोघंही. सहा खेळाडूंची ओळखच पटली नाही. ते स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारीशेजारी आहेत.

नेट रफिन दुखापतीमुळे घरी राहिला होता. सोबत्यांचे मृतदेह ओळखायला त्याला जावं लागलं. सहायक प्रशिक्षक रेड डॉसन नव्या खेळाडूंच्या शोधात मोटारीनं निघाले होते. बातमी त्यांनी गाडीतल्या रेडिओवर ऐकली.

फुटबॉल बंद करावा, असं म्हणणारे होते, आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. पण राहिलेल्या पोरांना खेळायचं होतं.

मार्च १९७१मध्ये वूस्टर या लहानशा कॉलेजातून जॅक लेंग्येल प्रशिक्षक म्हणून आले. डॉसन म्हणाले, एकच वर्ष थांबतो. पण संघ कुठून आणायचा? मुख्य संघातले उरलेले बोटांवर मोजावेत इतके. गेल्या वर्षीची नवी पोरं होती, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. शेवटी कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेनं, एनसीएएनं, मार्शलला सवलत दिली: पहिल्या वर्षाची मुलं उतरवा. बाकीच्या जागा, येईल त्याला घेऊन भरल्या.

(दृश्य: सराव. हेल्मेट डोक्यावर सैल बसलेली.)

अठरा वर्षांचं पोर एकवीस वर्षांच्या गड्याला धडक देऊन हटवणार कसं? लेंग्येलनी खेळायची पद्धतच बदलली. त्याच राज्यातल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाउडन ‘व्हिअर’ नावाची पद्धत वापरत. एरवी आपले डावपेच कुणी दुसऱ्याला दाखवत नाही. बाउडननी सगळं उघडून दाखवलं. व्हिअरमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, चेंडू घेऊन निघतो आणि समोरचा कुठे झेपावतो ते बघून ऐन वेळी ठरवतो: सोबत्याच्या हाती द्यायचा, स्वतः पळायचं, की बाजूला फेकायचा. कबड्डीतली हुलकावणीच म्हणा ना. प्रत्येकाला पाडावं लागत नाही, चकवलं तरी भागतं.

पहिल्या सामन्यात मोरहेड स्टेटनं २९-६ असं हरवलं.

२५ सप्टेंबर. घरचं फेअरफील्ड स्टेडियम, समोर सिनसिनाटीचं झेवियर. अपघातानंतरचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना. झेवियर १३, मार्शल ९. शेवटचा डाव, १३ यार्ड बाकी. क्वार्टरबॅक रेजी ऑलिव्हर एका अंगाला पळाला. झेवियरची पोरं त्याच्यामागे धावली. आणि त्यानं चेंडू उलट्या बाजूला टाकला, टेरी गार्डनरकडे. गार्डनर पहिल्या वर्षाचा. गेल्या वर्षीच्या नियमानं तो प्रेक्षकांत बसला असता. पुढे मोकळी वाट होती.

घड्याळात वेळ उरला नव्हता. फलक: १५-१३.

(दृश्य: मैदानात घुसलेली गर्दी. काही क्षण निवेदन नाही.)

लोक घरी जाईनात. सामना संपून गेला तरी मैदानात उभे.

पुढच्याच सामन्यात दणकून हार झाली. मग आणखी. काही सामन्यांत तर खातंही उघडलं नाही. ऑक्टोबरात बोलिंग ग्रीनला १२-१० असं हरवलं तेवढंच. विजयांपेक्षा पराभव कमी असा हंगाम मार्शलला थेट १९८४मध्ये बघायला मिळाला. डॉसननी शब्द पाळला, एक वर्ष काढलं आणि प्रशिक्षकपद कायमचं सोडलं.

आणि तो नियम? १९७२पासून तो देशभर सगळ्यांसाठीच उठला. पहिल्या वर्षाच्या पोरांचा वेगळा संघ पोसणं कॉलेजांना महाग पडत होतं.